वस्तीची सात सोनेरी बटणं

राहुलचं, म्हणजे माझ्या मुलाचं, लग्न जानेवारीतलं ठरलं आणि कोटाच्या बटणांवरून मी नागपुरातल्या दोन शिंप्यांशी भांडून घेतलं. दोघांनीही माझ्यापुढे एकच माल ठेवला: प्लास्टिकवर सोनेरी रंग चढवलेली, फुंकर मारली तर उडतील अशी बटणं. या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे की मी स्वतः कपडे शिवते आणि जुन्या सोनेरी बटणांसाठी कुठल्याही गावाची बस पकडते. नव्यांना एवढंच सांगते, की बटणांतलं आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. या प्रवासात तो बराच उसवला.

मला हवी होती ती बटणं आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूर मंडळातल्या माझ्या वडिलांच्या गावी, शेवंता आत्याकडे होती. एकूण सात. पितळेची, वरून सोन्याचं पातळ पाणी दिलेली, फुगीर, मधे आठ पाकळ्यांचं फूल. ती शिवायची नसतात. मागे कडी असते, ती कोटाच्या भोकातून आत घ्यायची आणि तिच्यात तारेचं वळं अडकवायचं. कपडा धुवायच्या वेळी काढून ठेवता येतात.

ही बटणं आत्याच्या मालकीची नाहीत, खरं तर कुणा एकाचीच नाहीत. आमची वस्ती बौद्धांची, त्या काळी सगळी घरं दुसऱ्याच्या शेतात राबणारी. माझे वडील वस्तीतले पहिले मास्तर. त्यांच्या लग्नात कोट उसना मिळाला, पण त्याची बटणं गेलेली. मग वस्तीने वर्गणी करून आदिलाबादहून ही सात बटणं आणली. लग्न झालं, कोट परत गेला, बटणं राहिली. पुढच्या नवरदेवाने ती मागितली, मग त्याच्या पुढच्याने, आणि रीतच पडली. कोट भाड्याचा असो की उसना, बटणं वस्तीची. नवरदेवाच्या आईने लग्नाच्या आठ दिवस आधी येऊन मागायची आणि लग्नानंतर पाचव्या दिवशी पावशेर साखरेसोबत परत करायची. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा वस्तीने बटणांचा डबा तिच्या हाती दिला. तेव्हापासून चाळीसेक वर्षं ती तो सांभाळते आहे, आणि त्याचा तिला इतका अभिमान आहे की पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ती डब्याची गोष्ट सांगते.

मी फोन केला. "आत्या, राहुलसाठी बटणं न्यायला येते. जरा घासूनपुसून ठेव."

"हव माय, ये," ती म्हणाली.

नागपूरहून आदिलाबादला बसने पाच तास धरा. तिकीट तीन-चारशेच्या घरात. हिंगणघाट, पांढरकवडा करत रस्ता सरळ दक्षिणेला जातो आणि रस्ता इतका चांगला आहे की झोप लागते. डिसेंबर असल्यामुळे दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या. पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा. आदिलाबादच्या कापूस बाजाराबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती आणि सगळ्या रस्त्यावर कापसाचे पुंजके लोळत होते. बसस्टँडजवळ हजाराच्या आत बरी खोली मिळते. इडली सकाळी सातलाच खाऊन घ्या, नंतर चटणी संपते.

पहिला दिवस मी जुन्या बाजारासाठी ठेवला होता. तिथे एका गल्लीत शेरवानी शिवणारे वयस्कर मास्टर बसतात. त्यांच्याकडे जुन्या शेरवान्यांवरून उतरवलेल्या बटणांचा पत्र्याचा डबा आहे, असं मला त्यांच्याच एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. मास्टरांनी डबा माझ्यापुढे ओतला आणि मी पर्समधून लोहचुंबक काढलं. ते हसायलाच लागले.

"बाई, तुमी तो पुलिस के माफिक आए!"

हसू द्या. तुम्ही घ्यायला गेलात तर चुंबक न्याच. बटण चिकटलं तर आत लोखंड आहे, ते पावसाळ्यात गंज सोडून कपड्यावर डाग पाडणार. मग बटण टेबलावर टाकून बघा. पितळ खणकतं, प्लास्टिक नुसतं टकटकतं. कडेला बारीक नजर फिरवा, कारण सोन्याचं पाणी आधी कडेचं जातं. तिथे थोडं झिजलेलं चालेल, फोड आलेले असतील तर सोडून द्या. आणि कपडा पातळ असेल तर जड बटणाचा मोह नको. गळा खाली ओढला जातो. तरी घ्यायचंच असेल तर आतून कापडाचा एक छोटा तुकडा लावून त्याला आधार द्या.

मी समोरून चमकणारं एक बटण उचललं, तर मास्टरांनी ते माझ्या हातातून घेऊन उलटं केलं. मागची कडी अर्धी कापली गेली होती. "सूरत देखके नक्को लेओ," ते म्हणाले, "पहले पीठ देखो." मी मुकाट्याने दुसरं उचललं. पाच बटणं घेतली, दोन चहा प्यायले आणि त्यांनी मला जावयाच्या शेरवानीची एक लांबलचक गोष्ट सांगितली, ती पुन्हा कधीतरी.

संध्याकाळी उद्या येते म्हणून सांगायला आत्याला फोन लावला. तिचा आवाज वेगळाच वाटला.

"येऊ नको व. बटनं नाईत घरी. एका पोराच्या लग्नाले गेली."

"मग काय झालं? तुला भेटायला येते."

"उगाच काऊन तकलीफ घेतं?" ती म्हणाली. एवढ्या वर्षांत आत्याने मला येऊ नको म्हटल्याचं मला आठवत नाही. तिला बरं नसावं आणि ती लपवत असावी, असं वाटून मी सकाळची पहिली बस धरली.

आदिलाबादहून तामसीवरून भीमपूरकडे साधी बस जाते. तेलंगणातल्या बायांना अशा बसमध्ये आधार दाखवलं की तिकीट लागत नाही. कंडक्टरने तेलुगूत विचारलं, आधार आहे का, "आधार उंदा?" मी ऐटीत काढून दाखवलं. त्याने पत्ता वाचला, मान हलवली आणि तिकीट फाडलं. शेजारच्या बाईने मला समजावलं, "तुमचं महाराष्ट्राचं हाय न, ते नाई चालत." मग जन्मभराची ओळख असल्यासारखं तिने तुरीच्या शेंगा माझ्या ओटीत टाकल्या. गाव येईपर्यंत आम्ही दोघी सोलत बसलो.

आत्या दारातच होती. तब्येत ठणठणीत. मला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला, पण नजर काही वर उचलेना. "बस. पानी पे. भूक लागली असन." पाण्याच्या आधी डब्याची गोष्ट नाही, हे मला तिथेच खटकलं. अंबाडीची भाजी, ज्वारीची गरम भाकरी, लसणाची चटणी. ती वाढत राहिली आणि मी खात राहिले, कारण तिच्या हातची अंबाडी पुढे असताना माझं डोकं चालत नाही.

जेवण होता होता शेजारची वच्छलाकाकू डोकावली. आत्याच्या वयाची, आवाज मात्र लाऊडस्पीकरचा. मी सहज विचारलं, "काकू, कुणाकडे लग्न आहे? बटणं तिकडे गेली म्हणे."

"लगन? या साली कोन्याचंच नाई झालं लगन," काकू म्हणाली. "दोन साल झाले, कोनी बटनं नाई नेली बाप्पा. आता पोरं तयार कोट आनतेत."

आत्याच्या हातातली भाकरी तशीच राहिली. काकूने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हैस सुटल्याचं निमित्त काढून निघून गेली.

आत्या उठली. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिने डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. झाकण मीच उघडलं. सरकी काढलेल्या कापसात सात बटणं होती. तीन ओळखीची, मऊ चकाकीची, जुनी, सोनेरी. चार मात्र पूजेच्या तांब्यासारखी फटफटीत पिवळी. फुलाच्या पाकळ्यांमधून सोनं पार निघून गेलं होतं.

"चिंच न् राख," आत्या म्हणाली. "पयलं घासलं त लय चमकलं. मले बरं वाटलं. चौथं झाल्यावर बाकीच्याच्या बाजूले ठेवलं, तवा दिसलं." तिने पदर तोंडाला लावला. "सगळ्या वस्तीचं होतं व ते. माह्या हातून गेलं. आता वस्तीले कोन्या तोंडानं सांगू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे आत्या, होतं असं," असंच काहीसं बोलले. घरोघरी पितळ चिंचेनेच घासतात, तिचा काय दोष. हे सगळं बोलले आणि एक गोष्ट बोलले नाही. घासूनपुसून ठेव, हे तिला मीच सांगितलं होतं. मला ते तिथेच आठवलं होतं, आणि मी गप्प बसले. तिनेही माझं नाव घेतलं नाही.

"तू घेऊन जाय हे नागपूरले," ती डबा माझ्याकडे सरकवत म्हणाली. "राहुलच्या कोटाले लाव, नाईतर ठेव तुह्याजवळ. वापस आनू नको. कोनी पुसलं त सांगन, माह्या भाचीकडं, सुजाताकडं हायेत."

आता खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते. मला आनंद झाला. कित्येक वर्षं माझा त्या डब्यावर डोळा होता. घरी नेऊन चार बटणांना पुन्हा पाणी चढवू, आत्याची अब्रू राहील, बटणं माझ्याकडे राहतील, साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. मी डबा पर्समध्ये टाकला. निघताना आत्या बसथांब्यापर्यंत आली नाही. दारात उभी होती, आणि डबा नसलेल्या घरात परत कसं जावं हे तिला कळत नसल्यासारखी बराच वेळ तशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मास्टरांचं दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. त्यांनी सातही बटणं पांढऱ्या कपड्यावर मांडली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक डोळ्याशी नेलं.

"पानी चढाना है तो सातों का पुराना उतारना पड़ता," ते म्हणाले. "फिर फूल भी मिट जाता. नए दिखेंगे, मगर ये वाले नई रहेंगे." त्यांनी एक सोनेरी बटण उलटं केलं. "इनों को कौन संभाला?"

"मेरी आत्या. चाळीस बरस."

"माशाल्ला, क्या संभाला! सूखे हाथ से, सूखी रुई में. एक दाग नई पीछे." मग त्यांनी घासलेलं बटण उचललं, आणि मी चिंच-राखेचं सांगितलं. "चालीस बरस जिसने पानी नई लगने दिया, वो अपने मन से इमली काएकू लगाएगी? उनकू किसी ने बोला होगा."

मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. बटणं होती तशी कापसात ठेवली आणि डबा माझ्यापुढे केला.

आत्याला नियम ठाऊक होता. ओला हात नको, घासणं नको, लग्नाच्या संध्याकाळीच कोटावरून उतरवायची, अत्तर लागू द्यायचं नाही. तिने तो कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता, पण चाळीस वर्षं पाळला होता. मग शिकलेली भाची फोनवर म्हणाली, घासून ठेव. भाचीला बटणांतलं कळतं, ती त्याच्यावर लिहिते, लोक तिला विचारतात. म्हणून आत्याने स्वतःचा नियम मोडला. मला भर बाजारात रडू आलं. नागपूरचं तिकीट काढलेलं होतं. ते वाया गेलं.

दुपारच्या बसने मी परत गावात पोचले तेव्हा कापूस वेचून बाया घरी येत होत्या. विहारासमोरच्या ओट्यावर त्या टेकतात, पाणी पितात, मग घराकडे जातात. मी आत्याला घरातून हात धरून आणलं. "काय करून राह्यली व तू? सोड," ती हळूच म्हणत होती.

मी डबा उघडून ओट्यावर ठेवला. "ही बटणं खराब झाली आहेत," मी म्हटलं. "आत्यानं घासली, पण मी सांगितलं म्हणून. ती कधी घासत नव्हती. चूक माझी आहे. आणि मी ती गुपचूप घेऊन चालले होते."

मग वच्छलाकाकूने एक बटण उचललं, पदराने बोटं कोरडी करून. दुसरीने दुसरं. बटणं हातोहात फिरायला लागली. एक म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या कोटाला भोकं लहान होती, सासऱ्याने तिथेच विळ्याने मोठी केली. दुसरी म्हणाली, आमच्या वेळी वरमाय बटणं परत करायला आली, तर सोबतची अर्धी साखर रस्त्यातच पोरांनी खाल्ली. कुणी हसलं. पण सगळं तेवढ्यावर मिटलं असं मी सांगणार नाही. ओट्याच्या टोकाला वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे आजोबा बसले होते, वर्गणी काढणाऱ्यांपैकी हयात असलेले ते एकटेच. त्यांनी चार बटणं तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"सोनेरी होती न व ही," ते एवढंच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. माझी मान खाली गेली.

मग त्यांनी बटणं एकेक करून कापसात ठेवली, झाकण लावलं. मी हात पुढे केला होता. त्यांनी डबा माझ्या हाताला टाळून आत्याच्या हातात दिला.

"शेवंते, ठेव. तुह्याजवळच राह्यते हे."

आत्याने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. ती रडत नव्हती. तिने पदर खोचला, माझ्याकडे पाहिलं आणि आल्यापासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहून विचारलं, "राहुलचं लगन कवा हाये?"

"जानेवारीच्या शेवटी."

"मंग आठ दिस आंधी ये, मांगाले. आता नाई भेटत."

बाया खदखदून हसल्या. मीही हसले. रात्री मुक्काम आत्याकडेच केला, आणि झोपायच्या आधी तिने मला डब्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, जणू मी वस्तीत पहिल्यांदाच आले होते.

नागपूरला परतले ती रिकाम्या हाताने. मास्टरांकडची पाच बटणं होती, पण ती आता तितकी मोलाची वाटेनात. राहुलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, चार पिवळी, तीन सोनेरी, छानच दिसतील, आई, कोट मात्र पांढराच शिवून घेऊ. तुमच्याकडे अशी जुनी बटणं असतील तर सांगते: कोरड्या हाताने हाताळा, कोरड्या मऊ कापडाने नुसती टिपा, चिंच-लिंबू-पावडर जवळ आणू नका, इस्त्रीच्या आधी काढा, आणि कपाटात अत्तराच्या बाटलीपासून लांब ठेवा. हे मी तुम्हाला शिकवत नाहीये. हे आत्याचं आहे.

आणि घरात कुणी म्हातारं माणूस एखादी वस्तू वर्षानुवर्षं त्याच्या पद्धतीने सांभाळत असेल, तर काही सुचवण्याआधी विचारा, की तुम्ही कसं करता? हे मी त्या फोनवर विचारलं असतं, तर सातही बटणं आज सोनेरी असती. याची चुटपुट मला राहील, आणि राहायलाच हवी.

काल आत्याचा फोन आला. लग्नाबद्दल एक शब्द नाही, थेट मुद्द्यावर. "कोटाचे भोकं किती मोठे ठेवले? कडी आत गेली पाह्यजे. शिंप्याले म्हना, आंधी एक बटन लावून पाहा."

"पण आत्या, बटण तर तुझ्याकडे आहे. तू म्हणत असशील तर मी मापाचं दुसरं एखादं..."

"तुले नाई कळत त्यातलं," ती म्हणाली. "मीच येतो डबा घेऊन. तू फक्त शिंप्याले बसवून ठेव."

मी म्हटलं, बरं आत्या.